बघू, सांगतो

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी निलोफरनं एहसानच्या दुकानाचं शटर स्वतःच्या हातानं वर ढकललं, आणि त्या खडखडाटात माझं सगळं बदललं. तोच तो क्षण. उद्या कुणी विचारलं, फरदीन, तुझं डोकं नक्की फिरलं कधी — तर हीच तारीख सांगीन.

मी स्टँडसमोर वडापाव घेऊन उभा. पलीकडं 'एहसान ग्राफिक्स' — फ्लेक्स, पत्रिका, लोगो, सगळं मिळेल. ती चालत आली, पर्समधनं चावी काढली, वाकली, कुलूप काढलं. चावी! तिच्या पर्समध्ये! मग एहसान गाडीवरनं उतरला आणि म्हणाला, "चहा सांगितला का गं?" चहाचं असं कोण विचारतं? घरचं माणूस विचारतं!

शाळेपासनं ओळखतो मी तिला. आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. आणि मला हे स्टँडवर उभं राहून कळावं!

घरी आलो, दार आपटलं.

"कडी निखळली तर अब्बा तुलाच कडीच्या जागी लावत्याल," आतनं अम्मी.

"निलोफर एहसानकडं कामाला लागली?"

"दिवाळीपासनं. साऱ्या गल्लीला ठाऊक हाय."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुला कोन सांगनार? तू पुरतं ऐकतोस कुठं. नुसता उठतोस."

६ नोव्हेंबर

एहसानची डिझाइनं बघून डोळे दुखतात. लाल पाटीवर पिवळी अक्षरं, अक्षरांना सावली, सावलीला परत पांढरी कड! आंबवड्याच्या एका हॉटेलचा बोर्ड केलाय त्यानं — पिठल्याच्या मागनं सूर्य उगवतोय. पिठल्याच्या मागनं! तरी लोक त्याच्याकडंच जातात. जाताना इसाराचे पैसे हातावर ठेवून जातात.

माझ्याकडं येतात ते सगळे 'छान आहे' म्हणणारे. भोंगवलीच्या पोल्ट्रीवाल्याला एकापेक्षा एक लोगो करून पाठवले. "एक नंबर. बघू, सांगतो." हायवेच्या ढाबेवाल्याला मेनूकार्ड. "लई भारी. बघू, सांगतो." एकजण तर म्हणाला, इतकं आवडलं की डीपीला ठेवलंय. बरं, मग काम करायचं का? "बघू."

पुण्याला आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला सरांनी अख्ख्या वर्गासमोर माझी ड्रॉइंग शीट फाडली. मी दार आपटून निघालो तो थेट भोरच्या एसटीत बसलो. परत गेलोच नाही. वाटलं होतं, हात चांगला आहे, लॅपटॉप आहे, आता कुणाची गरज नाही.

आहे. गिऱ्हाइकाची आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एक खरं काम आलं! पासलीचे धनाजीभाऊ. त्यांचा भात अब्बांच्या टेम्पोतनं गिरणीला येतो, त्या ओळखीनं. त्यांच्या बायकोचा, सुलक्षणावहिनींचा बचत गट आहे. गावातल्या बायका मिळून इंद्रायणी तांदूळ पिशव्यांत भरून विकणार. डिसेंबरअखेर पुण्यात प्रदर्शन आहे, तिथं स्टॉल मिळालाय. पिशवीवर चित्र पाहिजे.

"असं पायजे," धनाजीभाऊ म्हणाले, "की पुन्याच्या बाईनं हात लावल्याबिगर फुडं जाऊ नये."

ते गेले आणि मी बसलो तो जेवायलासुद्धा उठलो नाही. खाचरं काढली — एकाखाली एक, डोंगराच्या अंगाला पायऱ्या केल्यासारखी. लावणी करणाऱ्या बायका, पाठमोऱ्या, वाकलेल्या. वर टेकाडावर देऊळ, अब्बांच्या टेम्पोतनं जाताना पाहिलेलं. त्याच्यावर धुकं. रंग दोनच. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे हे. एहसाननं जन्म घालवला तरी त्याला असली एक रेघ यायची नाही.

पाठवलं. लगेच अंगठा आला. खाली — "एक नंबर! सांगतो."

आधी कसलंही चित्र झालं की मी निलोफरला हाक मारायचो. ती आमच्या पायरीवर बसून रंगांना नावं ठेवायची. "हा हिरवा आजारी दिसतोय रे, ह्याला दवाखान्यात ने." आज पण गेलो दारापर्यंत. तिची अम्मी म्हणाली, दुकानात गेलीय. रविवारी! रविवारी कसलं दुकान?

१३ नोव्हेंबर

धनाजीभाऊंना दुसरं चित्र पाठवलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१४ नोव्हेंबर

तिसरं पाठवलं. चौथं पण पाठवलं. "गडबडीत हाय. सांगतो."

१६ नोव्हेंबर

आज निलोफरची ओढणी निळी होती. नवी. कुणी घेतली?

१८ नोव्हेंबर

धनाजीभाऊंची मोटरसायकल एहसानच्या दारात!

समोरच्या रसवंतीत बसलो. एक गिलास प्यायलो, दुसरा मागवला. रसवंतीवाला म्हणाला, "थंडीचा दोन-दोन गिलास? घसा बसंल." बसू दे. काचेच्या दारातनं सगळं दिसत होतं. एहसान मागं मशीनजवळ शेंगा खात उभा. खुर्चीत धनाजीभाऊ, समोर निलोफर. लॅपटॉप बंद! काही दाखवत नाही, काही लिहीत नाही, नुसतं ऐकते. मध्येच काहीतरी विचारते, ते बोलत सुटतात. एकदा खळखळून हसली.

माझ्यासमोर शेवटची कधी हसली होती असं? आठवत बसलो, तोवर रस कोमट झाला.

धनाजीभाऊ बाहेर आले ते तोंडावर कसं हलकं हलकं घेऊन. माझ्याकडनं जाताना कुणाचंच तोंड असं नसतं.

१९ नोव्हेंबर

गल्लीच्या तोंडाशी गाठली तिला.

"माझं गिऱ्हाईक चोरलंत तुम्ही."

"तुझं झालं होतं कधी? त्यांनी हो म्हटलं होतं का?"

"म्हणणारच होते!"

"फरदीन, तू त्यांना एकदा तरी विचारलंस — आणखी कुणाला दाखवायचंय?"

"धनाजीभाऊंना दाखवलं की."

"तांदूळ धनाजीभाऊंचा हाय का?"

मी म्हणालो, मला शिकवू नकोस. पण ती तिथंच भिंतीला टेकून सांगत बसली. तो भोंगवलीचा पोल्ट्रीवाला — त्याचा थोरला भाऊ मिलिटरीत आहे. तो सुट्टीवर आल्याशिवाय त्या घरात खिळासुद्धा ठोकत नाहीत. मग धाकटा दुसरं काय म्हणणार? भावाला विचारायचंय, हे तुझ्यासारख्या पोरासमोर म्हणायला लाज वाटते माणसाला. हिनं काय केलं, भाऊ यायची वाट बघितली, घरी गेली, दोघांच्या मध्ये कागद ठेवला. मोबाईलवर काहीच पाठवलं नाही. काम झालं.

"मोबाईलवर गेलं की साऱ्या भावकीत फिरतं रे. मग ज्याला कुणी विचारलं न्हाई, तोच आधी नावं ठेवतो. लोक पैशाला भीत न्हाईत. घरात बोलणी बसतील, त्याला भितात."

"एहसाननं शिकवलेलं दिसतंय."

"एहसानभाईला मी शिकवलं," ती म्हणाली आणि गेली.

एवढं सगळं बोलली, मला ऐकू काय आलं? 'एहसानभाई'. किती गोड म्हणते! भाई म्हणते म्हणून जीव गार पडायला हवा होता. पडला नाही. आपल्यात भाई म्हणत म्हणतच तर जमतात लग्नं!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नमाजहून येताना एहसाननं खांद्यावर हात टाकला. "फरदीन, तुझा हात भारी हाय रे. कधी तरी ये की दुकानात." खांदा काढून घेतला. काय समजतो स्वतःला?

घरी अम्मी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एहसानच्या अम्मीनं निलोफरसाठी शब्द टाकलाय."

"मग?"

"मग काय. पोरीनं अजून जवाब दिला न्हाई."

दार आपटलं. या वेळी कडी खरंच निखळली.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहितानासुद्धा कान तापलेत.

अब्बांची मोटरसायकल काढून पासलीला गेलो. कापूरव्होळ, नसरापूर, मार्गासनी, वेल्हे — सगळ्या रस्ताभर एकच डोक्यात, की हे गिऱ्हाईक मी एहसानच्या तोंडातनं काढून आणणार. मोबाईल नाही, कागद! तिचीच युक्ती. रात्रभर बसून नवीन चित्र केलं होतं. धनाजीभाऊंचा मोठा फोटो, डोक्याला फेटा बांधून दिला, खाली झोकात लिहिलं — 'धनाजीभाऊंचा इंद्रायणी'. स्वतःचा फोटो कुणाला नको असतो? भोरमध्ये तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तोंड आलं नाही म्हणून सोयरीक मोडते.

अंगणात बायका भात पाखडत होत्या. धनाजीभाऊंच्या आईनं, धोंडाबाईंनी, कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो कोन?"

"धनाजीभाऊ आहेत, आजी."

"त्ये दिसतंय. पन ह्यानं एक काडी तरी लावली का खाचरात? पाठ आमची वाकली, आन् पिशवीवर ह्येचा फेटा?"

धनाजीभाऊ गोठ्याच्या दारातनं ओरडले, "म्या न्हाई बरं का सांगितलं त्येला!"

"असू द्या की," एक म्हणाली, "भावजींचा फोटू लावा. पिशवीला उंदीर तरी लागनार न्हाईत!"

सुपं ठेवून हसल्या सगळ्या. सुलक्षणावहिनींनी पदर तोंडात कोंबला. मी मोटरसायकलच्या चावीशी खेळत उभा.

मग धोंडाबाईच म्हणाल्या, "तुमी फरदीन न्हवं? तुमचं त्ये खाचराचं चित्र दावलं की आमास्नी त्या निलोफरनं. दिसभर बसली व्हती हितं. भाकरी खाल्ली. त्येच घ्या म्हनली, निस्तं त्ये देऊळ तेवडं —"

पुढचं ऐकलंच नाही मी. माझं चित्र! एहसानच्या दुकानाकडनं! माझा घाम, आणि गिऱ्हाईक त्याचं! वळलो आणि त्यांच्या पडवीचं पत्र्याचं दार असं आपटलं की कोंबड्या माळ्यावर गेल्या.

वाटेत नसरापूरला थांबून कागद फाडला. फेट्यासकट.

२४ नोव्हेंबर

ती घरी आली. आधी अम्मीला सलाम केला, मग माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली.

"पासलीला जाऊन काय करून आलास?"

"माझं चित्र चोरून तुझ्या एहसानला दिलंस!"

"चित्र धनाजीभाऊंच्या मोबाईलवर होतं. तूच पाठवलेलं. मी ते बायकांपुढं धरलं आन् विचारलं, एवढं आवडलंय तर हो का म्हणत न्हाई? मग एक बोलली."

देऊळ वरच्या वाडीचं आहे. गटात अर्ध्या बायका खालच्या वाडीच्या. जत्रेवरनं दोन्ही वाड्यांचं जुनं वाकडं. वरच्या वाडीचं देऊळ पिशवीवर गेलं तर खालच्या वाडीनं तांदूळ का द्यायचा? पण हे भोरच्या पोराला सांगायचं कुणी? घरचं भांडण बाहेर कशाला? म्हणून आपलं — एक नंबर, सांगतो.

"मी त्यांना म्हटलं, देऊळ काढू, पण चित्र फरदीनचंच ठेवा. तोच बदलून देईल. त्याला पैसे द्या. एहसानभाई नुसतं छापतील. मी तुझं नाव सांगून आले रे. आन् तू त्यांचं दार आपटून आलास!"

इथं माफी मागायची असते. एवढं मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा तोंडातनं काय निघालं? "जा मग एहसानकडंच जा! चावी हाय न्हवं पर्समधी!"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

निलोफर अगदी हळू बोलली. "चावी पगारी माणसाला दिलीय त्यांनी. मला दुकान पगारावर उघडायचं नव्हतं. रमजानात तुला विचारलं होतं — आपण दोघं मिळून काही तरी टाकू. तू काढ, मी बोलते. काय म्हणलास?"

मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागलो. तीच पुढं म्हणाली,

"बघू, सांगतो. ईद गेली, बकरी ईद गेली. तुझ्यासारखं गिऱ्हाईक अजून माझ्याकडं आलं न्हाई."

जाताना दार लोटलं. कडी तुटकीच आहे, तरी परत उघडू नये म्हणून नीट टेकवून गेली.

२५ नोव्हेंबर

काही लिहायचं नाही.

२६ नोव्हेंबर

लिहितो. रमजानात ती नुसतं दुकानाचं बोलत नव्हती. मला कळलं होतं. म्हणूनच भ्यालो. हातात डिग्री नाही, काम नाही, वर तिच्या घरचे आणि माझ्या घरचे. घरात बोलणी बसतील म्हणून गप्प बसलो. आता त्या पोल्ट्रीवाल्याला कुठल्या तोंडानं हसू?

जेवताना अम्मी म्हणाली, "तुला मला काय विचारायचं हाय का?"

"काय?"

"काय न्हाई. आमटीत मीठ हाय का म्हनून."

होतं. नीटच होतं.

३० नोव्हेंबर

चित्रातलं देऊळ काढलं. टेकाड मोकळं पडलं. तिथं काय घालायचं मला ठाऊक नाही. दोन्ही वाड्यांना चालेल असं काय आहे तिथं? मला कुठनं ठाऊक असणार? जागा रिकामीच ठेवून कागदावर काढलं.

निलोफरला निरोप पाठवला — 'पासलीला जातोय. मला बोलता येत नाही. येतेस?'

उत्तर आलं — 'परवा. एहसानभाईंना सांगून येते.'

सांगून! ते एक लिहायची काय गरज होती?

२ डिसेंबर

एसटीनं गेलो. ती पुढं बायकांत बसली, मी मागं. वेल्ह्यापुढं जीप मिळाली.

धोंडाबाई अंगणातच. "या. दार बघाया आलासा व्हय? हाय अजून, पडलं न्हाई."

"चुकलो, आजी," म्हणालो. एवढंच निघालं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

कागद पसरला. निलोफरनं माझ्याकडं बघितलं. मी विचारलं — आणखी कुणाला दाखवायचंय?

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सुलक्षणावहिनींनी एका पोरीला खालच्या वाडीत पिटाळलं. बनाबाई आल्या, तिकडच्या बायकांत थोरल्या. जत्रेपासनं त्या या अंगणात आल्या नव्हत्या म्हणे. उभ्यानंच बघितलं त्यांनी.

"हितं काय न्हाई का?" रिकाम्या जागेवर बोट.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

"वढा काढा. दोनी वाड्यांस्नी पानी त्येचंच."

"वढा आमच्याकडनं येतो!" वरच्या वाडीतली एक.

"आन् जातो कुठं? तुमच्या चुलीत?"

झालं सुरू. कोण आधी उतरलं खाचरात, कुणाची म्हैस कुणाच्या बांधावर. मला राहवेना. म्हणणार होतो, अहो ओढा तर ओढा, दोन मिनिटांत काढतो, संपवा! निलोफरनं माझ्या पायाच्या अंगठ्यावर टाच दाबली. चांगली जोरात. गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात इतका वेळ मी गप्प राहिलेलो नाही.

आणि भांडता भांडता बनाबाई खाली बसल्या! चहा झाला. ओढा कुठनं कसा वळतो ते दोन्ही वाड्यांनी मिळून बोटानं अंगणातल्या मातीत काढून दाखवलं. मी तिथंच पेन्सिलीनं उतरवून घेतलं.

धोंडाबाई आत गेल्या, आल्या. माझ्या हातावर इसार ठेवला आणि त्यावर मूठभर नवे तांदूळ. "बैलाला इसार दिला की मागं फिरायचं नसतंय," म्हणाल्या. "आमी बी न्हाई, तुमी बी न्हाई."

मूठ मिटून एसटीत बसलो. आता ती शेजारी होती, खिडकीत. मला एक वाक्य बोलायचं होतं. मार्गासनी गेलं. नसरापूर गेलं. कापूरव्होळला बोललो — "ओढ्याला निळा घेऊ का राखाडी?"

"राखाडी," ती म्हणाली. भोर आलं. उतरली.

गाढव! गाढव! गाढव!

७ डिसेंबर, रविवार

पिशव्या एहसानकडं छापायला टाकल्या. तो पहिली पिशवी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिला. "माझ्याच्यानं हे झालं नसतं," म्हणाला. मी वाट बघत होतो, काहीतरी वाकडं बोलेल, म्हणजे मला भांडता येईल. नाही बोलला.

मग मशीन बंद केलं आणि सरळ विचारलं, "माझ्या अम्मीनं निलोफरसाठी शब्द टाकलाय, ठाऊक हाय न्हवं तुला?"

"हाय."

"दुकान चालतं म्हणून न्हाई. मला ती खरंच आवडती. तुमचं काय असंल तर आत्ता सांग. मी अम्मीला मागं घ्यायला सांगतो."

आमचं काय आहे? काय सांगणार! "काय न्हाई," म्हणालो आणि निघालो.

तो वाईट असता तर किती बरं झालं असतं.

१० डिसेंबर

शुक्रवारी निलोफरचे मामू शिरवळहून येणार. एहसानच्या घरी जवाब द्यायचाय.

मी संध्याकाळी कडी बसवत होतो. अब्बा म्हणालेलेच, ज्यानं तोडली त्यानं लावावी. अम्मी स्क्रू धरून शेजारी उभी.

"अम्मी..."

"बोल की. तोंडात खिळं हायेत का?"

खरंच होते. काढले. "निलोफर. तुला चालेल?"

"मला कवाचं चालतंय. अब्बास्नी बी चालतंय, आमी रमजानातच बोललो व्हतो." स्क्रू माझ्या हातात दिला. "तिला विचारलंस का?"

११ डिसेंबर

दुपारी दुकानात गेलो. एहसान पिशव्या घेऊन पासलीला गेलेला. ती उरलेल्या पिशव्यांचे गठ्ठे बांधत होती. चार तऱ्हा करून बोललो नाही. एकच वाक्य बोललो, सरळ, तिच्यापुढं ठेवलं. दुकानाचं नाही. दुसरं.

तिनं सुतळीला गाठ मारली.

"बघते. सांगते."

डोकं भडकलं. भडकलंच! दाताखाली जीभ धरली. मग विचारलं, "आणखी कुणाला विचारायचंय? मामूंना? तुझ्या अम्मीला?"

ती पहिल्यांदाच वर बघून बोलली. "मला. साऱ्यांनी साऱ्यांना विचारलं रे फरदीन. माझं मला विचारायचं राहिलंय."

एहसानचं विचारायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. नाही विचारलं. "बरं," म्हणालो, बाहेर आलो. काचेचं दार. ओढून घेतलं, लागलं की नाही ते हातानं पाहिलं, आणि सोडलं.